हिलालभाऊ, आपण जिंकलेलं ते गाव

हिलालभाऊ, तुझ्या दहाव्याला लोकांनी मला बोलायला उभं केलं. तुझा पुतण्या म्हणाला, "रशीदभाई, तुम्ही आबांसोबत लढाईत होते, दोन शब्द सांगा." त्याला काय हवंय ते मला कळत होतं. गोळीबार, स्फोट, शत्रूचा अड्डा आणि शेवटी आपला झेंडा. हे सगळं घडलं होतं, म्हणून मी तेवढं सांगितलं आणि खाली बसलो. लोक हळहळले, दोघातिघांनी डोळे पुसले. पण नंदुरबारला परतताना बसमध्ये मला सारखं वाटत राहिलं की मी सांगितला तो माणूस तू नव्हतास. त्यातली उरलेली गोष्ट आता लिहितो. ती तुला माहीतच आहे. आपला वाद मात्र तू अर्ध्यात टाकून गेलास, म्हणून तुझ्याशीच बोलतो.

पलटणीत आपल्याकडचे आपण तिघंच होतो. तू हवालदार, मी आणि शहाद्याकडचा भिका साधे शिपाई. सुट्टीला तिघं एकत्र निघायचो, भुसावळला गाडी बदलायचो. पहिल्यांदा तू आमच्या घरी आलास तेव्हाचं आठवतं का? हिलाल नाव ऐकून अम्मी धरून चालली होती की पोरगा आपल्यातलाच असणार. तू दारात उभा राहिलास तो कपाळाला बुक्का लावून. अम्मी माझ्याकडे बघायला लागली. तू हसत म्हणालास, "मावशी, आमना गावमा घरोघर हिलाल शेतस." तेव्हापासून अब्बा तुझ्यासाठी दर हिवाळ्याला नवा कापूस पिंजून गादी भरायचे. पिंजाऱ्याच्या घरातून तेवढंच देता येण्यासारखं होतं.

मग आपल्याला श्रीलंकेला पाठवलं. तिथे शांतता राखायची आहे, असं सांगितलं होतं. जाफन्याच्या बाजूला उतरलो तेव्हा बायकांनी आपल्याला हार घातले, शहाळी फोडून दिली. भिकाने गळ्यातला हार दुसऱ्या दिवशीही काढला नव्हता. आपली चौकी एका खेड्याच्या तोंडाशी होती. लाल माती, ताडाची झाडं, झावळ्यांची उंच कुंपणं. आणि चौकीला लागूनच मिरचीचं शेत. ते बघून तू थांबलासच. आपल्याकडे पथारीवर, वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, मिरची वाळते तशीच तिथल्या अंगणात पसरलेली होती. तू खाली बसून एक मिरची मोडलीस, वास घेतलास, आणि घरातून बाहेर आलेल्या म्हाताऱ्याला हातवारे करून विचारलंस, उलटवतोस कधी? त्याचं नाव कंदय्या. त्याने तुझ्या हातातली मिरची काढून घेतली आणि दुसरी, जास्त वाळलेली, ठेवली. मग आतून ताक आलं.

त्याचा मुलगा रवी मद्रासला शिकून आला होता. सिनेमातलं हिंदी बोलायचा. तो आपला दुभाषी झाला. तू त्याला अहिराणी शिकवायला घेतलीस. "काय करी ऱ्हायना?" एवढं वाक्य त्याला छान जमलं होतं. चौकीवरून जाताना तो मुद्दाम ओरडून विचारायचा आणि भिका आतून उत्तर द्यायचा, "झोपी ऱ्हायनू." ते दिवस खोटे नव्हते, भाऊ. पुढे काय झालं ते धरून लोक म्हणतात की हार घालणारेही मनातून वैरीच होते. तसं नव्हतं. त्यांना वाटलं होतं की आपण त्यांच्यासाठी आलोय.

मग ज्यांच्यात समेट घडवायला गेलो त्यांच्यातल्याच एकाशी आपली लढाई सुरू झाली. ती का आणि कशी, यावर मोठी माणसं अजून बोलत असतात. आपल्या वाट्याला आले ते रस्ते आणि गल्ल्या. शहर घेताना आपली किती माणसं पडली ते आपण पाहिलं. पण शहर घेतलं. तू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "जिकनूत रे रशीद. आते घर." मीही तेच समजलो. लढाई जिंकली की घरी जायचं असतं. शाळेत आपल्याला तसंच शिकवलं होतं, तहाचा धडा लढाईच्या धड्यानंतर लगेच यायचा.

घरी कोणी पाठवलं नाही. आपल्याला पुन्हा त्याच खेड्यात ठेवलं, आता शाळेच्या इमारतीत, वाळूच्या पोत्यांच्या मागे. शाळेत आपण राहायला लागलो म्हणून मुलं घरी बसली. रात्रीची संचारबंदी, रस्त्यावर तपासणी. पहाटे विहिरीवर जाणाऱ्या बायकांना हात वर करून उभं राहावं लागायचं. दुकानदार आपल्याला माल द्यायचा, पण हातात न देता फळीवर ठेवून मागे सरकायचा. कंदय्याकडून ताक येणं बंद झालं. तू एकदा स्वतः गेलास. तो अंगणात मिरची पसरत होता. त्याने तुझ्याकडे पाहिलं आणि काम चालू ठेवलं.

मग रस्त्यावरच्या सुरुंगात भिका गेला. रेडिओवर आपण अहिराणीत बोलायचो, कोणी ऐकलं तरी कळू नये म्हणून. त्या दिवशी तू एवढंच बोललास, "भिका गया."

दुसऱ्या दिवशी गावाला वेढा पडला. सगळ्या पुरुषांना शाळेच्या मैदानात उन्हात बसवलं. सुरुंग कोणी पेरला ते कोणी सांगेना. मला तेव्हा वाटत होतं की सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मिळून लपवताहेत. दुपारी दुसऱ्या पलटणीतल्या एकाने कंदय्याला कॉलर धरून उठवलं आणि बंदुकीच्या दस्त्याने मारलं. रवी दुभाषी म्हणून आपल्याच बाजूला उभा होता. तू धावलास, मध्ये पडलास, कंदय्याला उचलून घरापर्यंत नेलंस. त्याच्या कपाळाला पट्टी मी बांधली. रवी उंबऱ्यात उभा राहून बघत होता. तू त्याला म्हणालास, "रवी, तो आपला नव्हता, दुसऱ्या पलटणीचा होता." रवीने हिंदीत उत्तर दिलं, "कपडा तो यही था." आणि तुझ्या बाहीला हात लावून दाखवला.

पुढच्या आठवड्यात तो गावातून नाहीसा झाला.

आता ती गोष्ट, जी दहाव्याला मी मोठ्या आवाजात सांगितली. ताडाच्या बनातला अड्डा. खबर पक्की होती, आखणी तुझी होती. अंधार असताना आपण घेरलं आणि उजाडायच्या आत सगळं संपलं. आपल्या एकालाही ओरखडा नाही. हत्यारं मिळाली, दारूगोळा मिळाला. हेलिकॉप्टरमधून मोठे साहेब आले, त्यांनी तुझा हात हातात घेतला, फोटो निघाला. तो फोटो तुझ्या बैठकीत अजून आहे. लोकांनी दहाव्याला त्यालाच हार घातला होता.

फोटो निघायच्या आधी आपण मेलेल्यांना ओळीने ठेवलं होतं. तिसरा रवी होता. तू त्याच्याजवळ बसलास आणि त्याच्या तोंडावरची माती पुसलीस. मी तुझ्या मागे उभा होतो. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात भिका होता. मी म्हणालो, "भाऊ, सुरुंग यानीच लावा व्हई." तू मागे वळून पाहिलं नाहीस. म्हणालास, "भिका गया तवय हाऊ रवी आपलाकडेच व्हता रे."

प्रेत घरी पोचवायचं तू ठरवलंस. साहेब नको म्हणाले, तू हट्ट धरलास. आपल्यातला तमिळ बोलणारा एक जवान बरोबर घेतला. कंदय्याने मुलाला अंगणात घेतलं. मिरची एका बाजूला सारून त्याने जागा केली. तू टोपी काढून उभा राहिलास. बऱ्याच वेळाने त्याने तुला एक प्रश्न विचारला. जवानाने आपल्याला सांगितलं, तो विचारतोय तुमचं गाव कुठे आहे. तू म्हणालास, फार लांब. कंदय्या म्हणाला, "म्हणजे तुम्ही एक दिवस जाल. आज, नाहीतर दोन वर्षांनी. मी इथेच राहणार आहे. तुम्ही गेल्यावर इथे कोण असेल, त्याचा विचार मला करावा लागतो. तुमचा नाही."

तो रागाने बोलला नाही. शेजाऱ्याला पाण्याची पाळी समजावून सांगावी तसं बोलला. संध्याकाळी शाळेत परतल्यावर तू म्हणालास, "आपन रोज जिकी ऱ्हायनूत आन रोज एक घर गमाडी ऱ्हायनूत." बनातल्या त्या विजयानंतर महिनाभर गाव एकदम शांत होतं. वरच्यांना वाटलं, जमलं. मग पुन्हा सुरुंग फुटला. ज्यांना आपण नावानेही ओळखत नव्हतो अशी पोरं आता आली होती.

शेवटी परत निघालो. बंदरावर आपल्याला पोचवायला कोणी आलं नव्हतं, आणि मद्रासला उतरलो तेव्हा घ्यायलाही फारसं कोणी नव्हतं. भुसावळच्या गाडीत आपला वाद सुरू झाला, तो तू दवाखान्यात भरती होईपर्यंत चालला. मी म्हणायचो, अजून वर्षभर ठेवलं असतं तर आपण जिंकलो असतो. तू म्हणायचास, "जिकेल तं व्हतूत. कितला डाव जिकानं?" मी म्हणायचो, गावांमध्ये अजून फौज हवी होती. तू म्हणायचास, फौज वाढली की तपासणी वाढते, तपासणी वाढली की मैदानात बसलेले बाप वाढतात. आपल्याला घेता येतं ते मैदान. त्या माणसांनी आपल्याला मानायचं की नाही ते त्यांच्या हातात राहतं. ते बंदुकीने हिसकावून घेता येत नाही.

तू असं बोललास की मी माझं शेवटचं हत्यार काढायचो. मग भिका कशाला मेला? तेवढं सांग. हे ऐकलं की तू उठून गोठ्यात जायचास. भाबी मला डोळ्यांनी दटावायची. दरवेळी तू गोठ्यात जायचास आणि मला वाटायचं, हा हरला.

तुझी पेन्शन झाली, तू रनाळ्याच्या पुढच्या तुझ्या गावी कापूस आणि मिरची करू लागलास. मी गाद्यांचं दुकान सांभाळत होतो. मग तुमच्या गायरानाचं प्रकरण झालं. नाल्याकाठी डोंगरातून आलेल्या काही घरांनी झोपड्या टाकल्या होत्या, तुमच्या शेतांकडे जाणारी वाट त्यातून जात होती. तुझ्या भाऊबंदांनी रीतसर दावा केला, निकाल घेतला, पोलीस बंदोबस्तात झोपड्या हलवल्या. गावात पेढे वाटले. मलाही पेढा आला आणि मी तो खाल्ला. कायदा तुमच्या बाजूने होता.

त्या वर्षी कापूस वेचायला तुमच्याकडे कोणी आलं नाही. रात्री कुंपणं मोडायची. कोणाची ठिबकची नळी कापलेली, कोणाच्या चाऱ्याची गंजी पेटलेली. तुझा चुलतभाऊ गुलाब पोरांना घेऊन तुझ्याकडे आला. मी त्या दिवशी तुझ्या ओट्यावर होतो. गुलाब म्हणाला, "भाऊ, तू फौजी शे. पहारा कसा लावाना ते सांग."

तू विचारलंस, "कितला दिन लावशात?"

"दबतीन तवलोंग."

"आन मंग? रातभर जागशात तं दिनमा शेती कोन करी?"

गुलाबला हे आवडलं नाही. तो म्हणाला, "आपन जिकेल शेतस. आते माघार कसाले?" तू त्याच्याकडे असं बघितलंस की मला कंदय्याचं अंगण आठवलं. तू चपला घातल्यास आणि निघालास. मी मागोमाग आलो. रस्त्याने मी तुला समजावत होतो, भाऊ, ते वेगळं, हे वेगळं, हे तुमचंच गाव आहे, तुम्ही कुठे जाणार नाही आहात. तू म्हणालास, "म्हनीसनच तं. आठेथीन माले जावाले जागा नही."

नाल्यापलीकडे त्यांनी नव्या झोपड्या घातल्या होत्या. जमनाबाई म्हणून एक वयस्क बाई पुढे आली. तिने आधी तुझ्या पाठीमागे बघितलं.

"पोलीस कोठे शेतस?"

"पोलीस नहीत. आम्ही दोनच शेतस."

"मंग बठ," ती म्हणाली.

त्या दिवशी काही ठरलं नाही. तू पुन्हा गेलास, पुन्हा पुन्हा गेलास. कधी ती बोलायची, कधी तिचा जावई तुला तोंडावर शिव्या द्यायचा. तू शिव्या ऐकून घ्यायचास आणि विषय पुढे न्यायचास. शेवटी वाट नाल्याच्या कडेने गेली, झोपड्या गायरानातल्याच वरच्या माळावर परत आल्या, ग्रामसभेत सगळ्यांच्या समोर ठराव झाला. पुढच्या हंगामात कापूस वेचायला माणसं आली, पण गुलाबने तुझ्याशी बोलणं टाकलं. घरच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा दिलं नाही. जिंकलेला दावा तू घालवलास, असं तो सगळ्यांना सांगायचा. तुला ते लागायचं. त्याच्या दारावरून जाताना तुझी चाल बदलायची.

तू गेलास तेव्हा गुलाब आला, भाऊ. तिरडीचा पुढचा खांदा त्याने दुसऱ्या कोणाला दिला नाही. जमनाबाईचे लोक स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभे होते. गुलाबने त्यांना पाहिलं आणि आत बोलावलं नाही. तुला खोटं कशाला सांगू? पण कोणी हाकललंही नाही.

आता तुझ्या लेकीचं, शीतलचं सांगतो.

तुझी आंडेर तुझ्यासारखीच गणवेशात गेली याचा तुला केवढा अभिमान. तिच्या हाताखाली शंभरावर जवान आहेत हे तू एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचास. तुझ्या आजारपणातच तिला बदलीचा हुकूम आला, दूरच्या डोंगरात, एका चौकीवर. तिथल्या लोकांना ती चौकी नको आहे. हे तू पेपरात वाचलं होतंस. तरी तिला काही बोलला नाहीस. मी दवाखान्यात विचारलं, "पोरले सांग ना ते सगळं." तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "ती लढाले जायी ऱ्हायनी. तिना हात हालाले नको." यावर आपण भांडलो. नर्सने मला बाहेर काढलं. तेच आपलं शेवटचं भांडण.

दहाव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तुझ्या घरी गेलो. शीतल बैठकीत तुझ्या त्या फोटोसमोर उभी होती. म्हणाली, "चाचा, बाबा मला नेहमी या बनाची गोष्ट सांगायचे. पण साहेब आले, हात मिळवला, इथे आले की थांबायचे. त्याच्यापुढे काय झालं?"

भाबी स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी काय सांगणार त्याचा तिला सुगावा लागला होता. म्हणाली, "रशीदभाऊ, पोर परवा जायी ऱ्हायनी. तिले हाई कसाले सांगतस?"

मी भाबीचा शब्द कधी मोडलेला नाही. तुझाही सहसा नाही. त्या दिवशी दोघांचा मोडला. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. हार, ताक, रवीचं अहिराणी, भिका, मैदान, बाही, ओळीतला तिसरा, कंदय्याचा प्रश्न. भाबी पहिल्यांदा उभी होती, मग दाराला टेकून खाली बसली. तिनेही हे कधी ऐकलं नव्हतं.

संपल्यावर शीतलने विचारलं, "मग मी जाऊ नको का?"

"जा. हुकूम आहे, आणि तुझी माणसं तिथे आहेत."

"आणि जिंकायचं नाही?"

"लढाई आली तर जिंकावीच लागेल, नाहीतर तुझी पोरं मरतील. पण जिंकलीस म्हणून काम झालं असं समजू नकोस. वरून शाबासकी येईल त्या दिवशी खाली गावात काय चाललंय ते बघ. मैदानात बसवलेला म्हातारा तुला दिसला पाहिजे. आणि जे दिसेल ते वर कळव. त्यांना आवडो न आवडो."

ती म्हणाली, "बाबांनी कळवलं होतं?"

"नाही. त्याने रवीला घरी नेलं. तेवढं त्याच्या हातात होतं. वर सांगायची हवालदाराला सोय नसते. तुला आहे."

मग तिने तोच प्रश्न विचारला, जो मी तुला विचारून गोठ्यात पाठवायचो. भिकाकाका कशासाठी गेले? हिलालभाऊ, इतकी वर्षं मला वाटत होतं की उत्तर तुझ्याकडे आहे आणि तू देत नाहीस. मी तिला तसंच सांगितलं, की तुझ्या बापाला सापडलं नाही, मलाही नाही. पण भिकाचा मान राखायचा म्हणून जे जमणार नव्हतं ते जमत होतं, असं मी यापुढे म्हणणार नाही. भाऊ, आपल्या वादात तुझं एवढं मी मान्य करतो. बाकीचं अजून मान्य नाही. तू असतास तर बोललो असतो.

शीतल गेली. स्टेशनवर भाबी रडली नाही. गाडी हलल्यावर मला म्हणाली, "सांगं ते बरं कयं." मी सांगितलं ते बरं केलं म्हणे.

काल संध्याकाळी शीतलचा फोन आला. मी दुकान आवरत होतो. म्हणाली, "चाचा, कारवाई यशस्वी झाली. आमचं कोणी जखमी नाही. वरून अभिनंदन आलंय."

मी विचारलं, "आणि खाली?"

ती म्हणाली, "खाली एका घरात रडारड चाललीय. मेलेला माणूस बंडखोरांकडचा होता की नव्हता, कोणी नीट सांगत नाही. माझे लोक म्हणतात, तिकडे जाऊ नका. अहवाल लिहायचाय, त्यात 'होता' असं लिहून टाका म्हणतात."

"तू काय लिहिणार?"

"माहीत नाही असं लिहिणार. आणि आत्ता त्या घरी चाललेय. चौघं बरोबर आहेत, भाषा येणारी एक मुलगी आहे."

मी तिला जपून जा म्हणालो. तिने फोन ठेवला. मी दुकानाचं शटर अर्धवट खाली ओढलं होतं, ते पुन्हा वर केलं आणि ती परत येऊन फोन करेपर्यंत तिथेच बसून राहिलो.